आधी तोल, मग पीळ

शाळेत असताना मी बनवलेलं पहिलं विमान दोन सेकंदांत आपटलं. बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, पातळ कागद, पंखा, रबर. सगळं जागेवर होतं. मी घाईने रबराला भरपूर पीळ दिला आणि सोडलं. ते नाक वर करून उठलं, थबकलं नि कोसळलं.

उणीव ताकदीची नव्हती, तोलाची होती. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फाँस पेनो यांनी रबरावरचं विमान ११ सेकंद, सुमारे ४० मीटर उडवलं. पंखांची टोकं वर वळवलेली आणि शेपटीचा पंख पुढच्यापेक्षा कमी कोनात बसवलेला. त्यामुळे डोललं तरी ते आपोआप सावरे. १८७८ मध्ये राइट बंधूंना वडिलांनी दिलेलं रबरावर उडणारं हेलिकॉप्टरही पेनोंच्याच धर्तीचं होतं.

म्हणून आधी पीळ न देता विमान हलकेच समोर सोडा. थबकून पडलं तर नाकाला चिमूटभर चिकणमाती लावा. नाकावर सूर मारला तर थोडी काढा. संथ तरंगत उतरलं, की मगच पीळ द्या, तोही थोडा थोडा वाढवत.

मोडलेलं विमान मी सांधलं, नाकाला मातीची गोळी लावली. संध्याकाळी वारा पडल्यावर सोडलं. या खेपेला ते उतरेपर्यंत मला मागे धावावं लागलं.