धुराचा रंग कोणता?

आमच्या गल्लीत सकाळी सातला नळाला पाणी येतं. त्यामुळे त्या वेळी सगळ्या जणी दारातच असतात. मागच्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी मी गाडी सुरू केली आणि शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं, मागे बघ! चूल पेटवलीस की काय?"

वळून बघते तर सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट! सगळ्या जणींनी नाकाला पदर लावलेला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी तेरा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. पण माझं सगळं काम तिच्यावरच चालतं. वाईहून पसरणीचा घाट चढून वरच्या गावांत बचत गटांच्या बैठकांना जायचं, कधी कुणा बाईला दवाखान्यात पोचवायचं. म्हणून त्याच दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली. हेही बरोबर होते. गॅरेजवाल्यानं धूर बघितला आणि माझ्याकडे न बघता यांना सांगितलं, "साहेब, रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल. पंचेचाळीस हजार धरून चला."

पंचेचाळीस हजार! लेकीच्या होस्टेलची फी भरायची होती, तेवढेच पैसे बाजूला काढलेले. हे म्हणाले, "करून टाकू, नाहीतर गाडी विकू." माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, मला आठ दिवस द्या.

बाजारपेठेच्या मागे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे गेले. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. विचारलं, "ताई, धूर कधी येतो? सकाळी सुरू करताना, घाट चढताना, की उतरल्यावर?"

मला उत्तर देता येईना! रोज गाडी चालवते, पण हे कधी बघितलंच नव्हतं.

"मग आठ दिवस बघा आणि लिहून आणा," ते म्हणाले. धुराची बाराखडीही त्यांनीच शिकवली.

थंडीत सकाळी पांढरी, विरळ वाफ आली आणि दोन-चार मिनिटांत गेली, तर काळजी नको. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, त्याचीच ती वाफ. पण दाट पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर ते इंजिनाच्या आत जातंय. बहुतेक वेळा हेड गॅस्केट गेलेलं असतं. ऑइलही कधी दुधाळ चहासारखं दिसतं. अशी गाडी पुढे दामटायची नाही. आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. वाफ कोंडलेल्या कुकरचं झाकण आपण उघडतो का? तसंच ते.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. रॉकेलचा स्टोव्ह नीट जळला नाही की भांड्याला काजळी धरते ना, तसंच. आधी एअर फिल्टर बघायचा. कित्येकदा तो धुळीनं बुजलेला असतो.

आणि निळा धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळतंय. पण ते आत शिरायच्या वाटा दोन. घाट चढताना, जोर लागताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगांचा संशय. रात्रभर उभी गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ, किंवा उतार उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की भपकन येत असेल, तर वॉल्व्ह सीलचा.

किराण्याच्या वहीत मागच्या पानावर मी लिहायला लागले. लेकीला गाडीच्या मागे उभं केलं, लांब, बाजूला. घाटात आरशात बघायचं. इंजिन बंद करून, सपाट जागी, जरा थांबून डिपस्टिक पुसून ऑइलची पातळी बघायची. आठ दिवसांची नोंद स्पष्ट होती. सकाळी सुरू करताना धूर. चढताना नाही. उतरून गावात शिरताना एक भपका. ऑइल किंचित कमी.

वही बघून मिस्त्री हसले. "आता मोजू." त्यांनी चारही सिलिंडरचा दाब मोजला. तो जवळजवळ सारखा आणि पुरेसा भरला. कमी भरला असता, तर सिलिंडरमध्ये थोडं ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा. आमच्या रिंगा ठीक होत्या. वॉल्व्हवरची रबरी सीलं उष्णतेनं कडक झाली होती आणि वरचं ऑइल रात्रभर खाली झिरपत होतं.

मैत्रिणींनो, कुकरची वाफ बाजूनं जायला लागली की आपण कुकर मोडीत काढतो का? रबर बदलतो! इथंही तेच झालं. इंजिन न उतरवता सीलं बदलली. मजुरी धरून सात हजारांच्या आत काम झालं. लेकीची फी वेळेवर भरली.

पहिल्या गॅरेजवाल्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही. निळा धूर म्हणजे रिंगा, हा त्याचा आडाखा असेल. रिंगाच गेल्या असत्या तर पंचेचाळीस हजार मोजावेच लागले असते. पण मोजल्याशिवाय मोजायचे नाहीत, एवढं मी शिकले.

धुराकडे दुर्लक्षही नको. जळालेलं ऑइल सायलेन्सरच्या वाटेवरचा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. पीयूसी नसेल तर २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत होऊ शकतो. आणि बंद शेडमध्ये गाडी कधीच सुरू ठेवू नका. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही, त्याला वासही नसतो, पण तो जीव घेतो.

परवा सर्व्हिसिंगला त्या पहिल्याच गॅरेजमध्ये गेले. यांच्याकडे वळलेल्या गॅरेजवाल्याला हे म्हणाले, "तिला विचारा. वही तिच्याकडे आहे."