वाढीव घरपट्टी आणि अपिलाची वाट

बुलढाणा जिल्ह्यात घरपट्टीची आकारणी दोन कायद्यांखाली होते. बुलढाणा, चिखली, खामगाव, शेगाव, मलकापूर, मेहकर यांसह 11 नगर परिषदा आणि मोताळा व संग्रामपूर या 2 नगर पंचायतींना 1965 चा नगर परिषद अधिनियम लागू आहे. बाकीच्या गावांत 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम चालतो. दोन्हीकडे करदात्याला दाद मागता येते. मात्र दाद कुठे आणि कधी मागायची, ते वेगळे आहे.

शहरात आकारणीची यादी दर चार वर्षांनी सुधारली जाते. कार्यालयीन भाषेत तिला चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात. जुन्या पद्धतीत घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल याचा अंदाज काढतात. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की उरते ते करयोग्य मूल्य. घरात मालक स्वतः राहत असला तरी हिशेब हाच. यादी आधी प्रारूप म्हणून प्रसिद्ध होते आणि कलम 119 नुसार हरकतींसाठी किमान 30 दिवस दिले जातात.

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि बहुतेकांच्या हातून निसटतो तोही हाच. प्रारूप यादीची नोटीस बाजूला पडते आणि बिल हाती आल्यावर आकडा पाहून धावपळ सुरू होते. पण कलम 169 खालचे अपील दाखल करून घेण्यासाठी कलम 170 मध्ये तीन अटी आहेत. बिल मिळाल्यापासून 15 दिवसांत अपील करायला हवे. बिलाची रक्कम परिषदेत भरलेली हवी. आणि ज्या आकारणीवरून बिल निघाले, तिच्यावर मुदतीत लेखी हरकत घेतलेली हवी. तिसरी अट पाळली नसेल तर पहिल्या दोन पाळूनही उपयोग नाही. रक्कम आधी भरण्याची अट जाचक वाटते, आणि हातावर पोट असलेल्यांना ती तशी आहेही. पण तिच्यामुळे वाद चालू असताना थकबाकी साचत नाही.

हरकतीत काय लिहावे, यावर बरेच अवलंबून असते. ‘कर परवडत नाही’ किंवा ‘एकदम दुप्पट झाला’ ही तक्रार खरी असली, तरी आकारणी चुकल्याचा तो पुरावा नव्हे. तपासायची ती बिलामागची नोंद: मोजमाप बरोबर आहे का, पाडलेली खोली अजून यादीत आहे का, राहत्या घराला दुकान दाखवले आहे का, धाब्याच्या जुन्या मातीच्या घरावर स्लॅबचा दर लावला आहे का, शेजारच्या तशाच घराची आकारणी किती आहे. बांधकाम परवानगी, वीजबिल, फोटो, जुन्या पावत्या जोडल्या की सुनावणीत मुद्दा टिकतो. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. पुढे अपिलात हरकत मुदतीत घेतल्याचा पुरावा म्हणून हाच कागद कामी येतो. बिलातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर मात्र राज्याचा असतो. नगर परिषद तो फक्त वसूल करते, त्यामुळे त्याच्या दरावर तिच्याशी भांडून काही निघत नाही. मधल्या काळात मजला चढवला किंवा वापर बदलला तर यादीत तेवढीच दुरुस्ती होते. तिचीही नोटीस येते आणि तिच्यावरही हरकत घेता येते.

गावात आकारणी ‘नमुना 8’ मध्ये असते, मागणी ‘नमुना 9’ मध्ये आणि वसुलीची पावती ‘नमुना 10’ वर मिळते. नमुना 8 म्हणजे मालकीचा दाखला, असा समज खेड्यापाड्यांत पक्का आहे. ती मुळात कर कुणाकडून घ्यायचा याची नोंद आहे. 31 डिसेंबर 2015 च्या सुधारित नियमांनुसार ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. जमिनीचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा दर, घराच्या वयानुसार घसारा आणि वापराचा भारांक यांतून ते मूल्य निघते. निवासी वापराला भारांक 1, औद्योगिक वापराला 1.20 आणि व्यापारी वापराला 1.25. म्हणून घराचे वय चुकीचे पडले किंवा ओट्यावरच्या लहानशा टपरीपायी अख्खे घर व्यापारी ठरले, तर कर फुगतो. नमुना 8 चा उतारा घेऊन हे रकाने एकेक करून पडताळता येतात.

ग्रामपंचायतीने हरकत फेटाळली, तर कलम 124 नुसार पहिले अपील पंचायत समितीकडे जाते. लोणार तालुक्यातल्या गावकऱ्याला त्यासाठी तालुक्यापलीकडे जावे लागत नाही. तिथला निर्णय मान्य नसेल तर दुसरे अपील बुलढाण्याला, जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीपुढे. या कायद्याखाली तिचा निर्णय अंतिम असतो.