धुऱ्यावरचे दगड

पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले, की वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावच्या वावरांत फिरायला जावं. काळ्या मातीचा थर इथे पातळ आहे. खालून लाल-हिरवट चिकणमाती डोकावते. वखर चालला की त्या मातीतून दगड वर येतात आणि शेतकरी ते उचलून धुऱ्यावर फेकतो. बापानं फेकले, आज्यानं फेकले, तसेच तोही फेकतो. आपण त्या धुऱ्याशी उकिडवे बसून एकेक दगड उलटापालटा करायला लागलो, की कुणीतरी येऊन उभं राहतंच.

"काय शोधून रायले जी?"

"दगड."

"दगडच दगड हायेत इथं. घेऊन जा ना बाप्पा सारे."

त्या ढिगात काही दगड निराळे दिसतात. लांबट, एका टोकाला निमुळते, अंगावर वळ्या पडलेले, कधी चपटे झालेले. ही डायनासोरच्या काळातली विष्ठा, दगड झालेली. सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीची. सी. ए. मॅटली नावाच्या भूवैज्ञानिकाने 1939 साली फक्त पिसदुऱ्याच्या या विष्ठेवर एक निबंध लिहिला आणि आकारावरून तिचे चार गट पाडले. मला तो निबंध फार आवडतो. एवढ्या गंभीरपणे शेणाची वर्गवारी आपल्याकडे गोवऱ्या थापणाऱ्या बायांखेरीज कुणी केली असेल असं वाटत नाही.

दगड जमवण्याचा छंद परदेशात रीतसर चालतो. गावोगावी मंडळं असतात, महिन्याला बैठक होते, दगडांची अदलाबदल होते, सुटीच्या दिवशी सगळे मिळून खाणीवर जातात. चंद्रपूर-गडचिरोलीत हा छंद बहुतेक एकट्यादुकट्यानेच चालत आला. कुठे शाळेतला विज्ञानाचा मास्तर, कुठे कोळसा खाणीतून निवृत्त झालेला माणूस, कुठे नदीकाठी वाढलेलं पोर. चंद्रपुरात ग्रीन प्लॅनेट सोसायटीचे प्रा. सुरेश चोपणे अशा जागा हिंडून पाहण्याचं आणि त्यांची माहिती लोकांपुढे ठेवण्याचं काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. एरवी या छंदाचं कार्यालय म्हणजे घरातलं काचेचं कपाट. तेही बायको-मुलांनी भांड्यांसाठी मागेपर्यंतच.

छंदाला जागा मात्र याहून चांगली सापडणं कठीण. पश्चिमेला वरोरा-भद्रावतीकडे दख्खनच्या काळ्या दगडाची कड संपते आणि तिच्याखालून डायनासोरांचे थर बाहेर येतात. वर्धा नदीच्या काठाने कोळसा आहे. कोरपना-राजुऱ्याकडे सिमेंट कारखान्यांना पोसणारी चुनखडी, तिचं वय शंभर कोटी वर्षांच्या घरात. पूर्वेला एटापल्लीकडे त्याहून कितीतरी म्हातारे खडक आणि सुरजागडचं लोखंड. ज्याला आज आपण खाण म्हणतो त्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा भरते, हे दगड गोळा करणाऱ्याने विसरू नये. वैरागडला तर हिरे निघत. अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे. आज सती नदीच्या काठी खडे उपसत बसलात तर गारगोट्या भरपूर मिळतील. हिऱ्याचं स्वप्न घेऊन गेलेल्यांची पाठ तेवढी दुखते.

इथल्या या कामाचा मूळपुरुष म्हणजे स्टीफन हिस्लॉप. ज्याच्या नावाने नागपुरात 1883 साली कॉलेज निघालं, तोच. स्कॉटलंडहून 1845 साली आलेला पाद्री. सोबती रॉबर्ट हंटर. दोघे धर्मप्रचाराला गावोगाव फिरत आणि परत येताना खिशात दगड असत. धर्माच्या कामात त्यांना किती यश आलं ते ज्याचं त्याने ठरवावं. दगडांच्या कामात मात्र ते दोघे भलतेच यशस्वी झाले. वर्धेच्या खोऱ्यातल्या मांगली गावच्या वालुकाश्मातली एका उभयचर प्राण्याची चपटी कवटी त्यांनी लंडनला धाडली. 'डायनासोर' हा शब्द ज्याने 1842 साली घडवला त्या रिचर्ड ओवेनने 1855 मध्ये तिचं बारसं केलं, ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. नागपूर-कामठीच्या पानांचे ठसेही विलायतेला गेले आणि 1861 साली बनबरी यांनी त्यांवर लिहिलं. एका हिरवट कॅल्साइटला हिस्लॉपचंच नाव मिळालं, हिस्लोपाइट. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून रात्री घोड्यावरून परतताना नाल्याच्या पुरात तो वाहून गेला. दगड पाहायला गेलेला माणूस असा गेला.

विलायतेला गेलेली ती पानं होती ग्लोसोप्टेरिसची, जिभेच्या आकाराची. कोळसा खाणीत राबलेल्या माणसांना ती ओळखीची असतात. कोळशाच्या थरावरचा शेलचा पत्रा उलगडला, की मधली शीर आणि तिच्या बाजूंच्या शिरांची जाळी दिसते. नाव माहीत नसलं तरी ते पान आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. हेच पान दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही सापडलं आणि हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते या कल्पनेला बळ आलं. त्या प्राचीन खंडाला भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूसने नाव दिलं गोंडवानालँड. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे ते. ज्यांच्या मुलखावरून ते घेतलं ते गोंड चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, राज्य करत होते, हे त्या पुस्तकांत क्वचितच असतं.

या कामाला हत्यारं फारशी लागत नाहीत. एका बाजूला चपटं तोंड असलेला हातोडा, छिन्नी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक चुंबक, जुनी वर्तमानपत्रं. फुटक्या फरशीची मागची खरबरीत बाजू खिशात ठेवावी. तिच्यावर दगड घासला की खरा रंग कळतो. वरून दोन्ही काळेच दिसणारे लोहदगड असतात. हेमटाइटची रेघ वाळल्या रक्तासारखी लाल येते, मॅग्नेटाइटची काळी, आणि तो चुंबकालाही चिकटतो. चुनखडीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. हाडाची परीक्षा मात्र जिभेने होते. जीवाश्म हाड सच्छिद्र असेल तर ओल्या जिभेला चिकटतं. जगभरचे संशोधक हे करतात, लाजत नाहीत. पिसदुऱ्याला एवढंच पथ्य पाळावं, की जिभेला लावण्याआधी आपल्या हातात हाड आहे की दुसरं काही, हे नीट बघून घ्यावं.

खरं हत्यार मात्र वही. हे मला फार उशिरा कळलं. माझ्या सुरुवातीच्या काळातले दोन डबे भरून दगड माळ्यावर पडले आहेत. सुंदर आहेत. कुठले आहेत ते मला आता सांगता येत नाही, म्हणून कुंडीत घालण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. दगडाच्या एका कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, तो वाळला की काळ्या शाईने क्रमांक घालायचा, आणि त्याच क्रमांकाखाली वहीत लिहायचं: गाव, जागा, कुठला थर, वर काय होतं, खाली काय होतं, जागचा होता की सुटा, तारीख. एवढं केलं तरच तो नमुना. नाहीतर धोंडा.

याचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातच आहे, एकाच वरोरा तालुक्यात. पिसदुऱ्याची हाडं नांगराने वर आलेली, विखुरलेली. कुठलं हाड कुठल्या जनावराचं, हे सांगायची सोय उरली नाही. जीवाश्मतज्ज्ञ लिडेकरने 1879 साली इथल्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी ही जात मांडली. पुढे अभ्यासकांनी ते नाव संशयास्पद ठरवलं, कारण एवढ्या तुटपुंज्या तुकड्यांवर वेगळी जात उभी राहत नाही. आणि डोंगरगावला, 1984 ते 86 या काळात, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांना मानेचे, पाठीचे, शेपटीचे मणके आणि पुढच्या पायाची हाडं अशी एकाच प्राण्याची मिळाली. जागच्या जागी, एकमेकांच्या शेजारी. जैन आणि बंदोपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याचं वर्णन केलं. 2003 साली त्याला स्वतंत्र नाव मिळालं, इसिसॉरस कोलबर्टी. इसि म्हणजे त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, आणि कोलबर्ट हे अमेरिकन संशोधक. डोंगरगावचं नाव त्यात कुठेच नाही.

इथे निघालेलं बाहेर गेलं, असं वारंवार झालं आहे. सांख्यिकीच्या संस्थेत डायनासोर कसे, तर संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांनी लंडनच्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावून तिथे भूविज्ञानाचा विभाग उभा केला, म्हणून. त्या विभागाने प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पोचमपल्लीजवळ सुमारे तीनशे हाडं काढली, निदान सहा प्राण्यांची. खणण्याचं बरंच काम टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास झालं, म्हणून 1975 मध्ये नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय, मोठ्या पायाचा. त्याचा सांगाडा कोलकात्याला उभा आहे. सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावावरून खडकांच्या थराला 'कोटा' म्हणतात. त्या थरावरून नाव पडलेला कोटासॉरस हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात आहे. मांगलीची कवटी लंडनला, सांगाडे कोलकाता आणि हैदराबादला. हे बरोबर की चूक, यावर मी वाद घालत नाही. ती हाडं इथेच राहिली असती तर त्यांचा रस्त्याचा मुरूम झाला असता, असंही कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. सिरोंचाजवळ वडधम इथे वनविभागाने जीवाश्म उद्यान केलं तेव्हा निदान दगड झालेले झाडांचे बुंधे तरी जागच्या जागी राहिले. त्यांतल्या एकाला हात लावून उभं राहिलं की सालीच्या रेषा बोटांना लागतात आणि उन्हाने तापलेला दगड चटका देतो.

कायद्याचीही एक गंमत आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार जंगलात मिळालेला खडक आणि खनिज हेही वनोपजच. म्हणजे तेंदूपत्ता, मोहफूल, बांबू यांच्याच पंगतीत दगड बसतो आणि परवानगीशिवाय तो उचलता येत नाही. भूवारसा जपणाऱ्या स्वतंत्र कायद्याचा मसुदा 2022 च्या डिसेंबरात केंद्राने लोकांपुढे ठेवला होता. म्हणून आता शहाणा संग्राहक जंगलात फोटो काढतो, वहीत लिहितो आणि दगड तिथेच ठेवतो. हातोडा पिशवीतून निघतच नाही.

पिसदुऱ्याच्या त्या विष्ठेकडे परत यायला हवं, कारण खरी गोष्ट तिच्या पोटात होती. तिचे तुकडे लखनौच्या बिरबल सहानी संस्थेत गेले. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतले वनस्पतींचे सूक्ष्म सिलिकाकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गवत चावताना दाताला जी कचकच लागते, तेच हे कण. वनस्पती कुजली तरी ते टिकतात. 2005 मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष आला: ते कण गवताचे होते. गवत डायनासोरांच्या नंतर पसरलं असं तोवर धरून चाललं होतं, तो समज इथल्या शेणाने मोडला. 2011 मध्ये त्याच मंडळींनी दाखवलं की त्या गवतांत भाताच्या कुळातलं गवतही होतं.

धानाच्या कुळाचा एवढा जुना पुरावा चंद्रपूर जिल्ह्यात मिळावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे नावाच्या शेतकऱ्याने बांधीतल्या तीन निराळ्या लोंब्या वेगळ्या काढून ठेवल्या आणि त्यांतून एचएमटी धान उभा केला. निराळं दिसलेलं वेगळं काढून ठेवायचं, कुठून काढलं ते लक्षात ठेवायचं. दगड जमवणाऱ्याचं कामही तेवढंच असतं.

हे सगळं त्या धुऱ्यावरच्या माणसाला सांगून झालं. त्याने वळ्या पडलेला दगड हातात घेतला, वजन पाहिलं, नखाने खरवडला.

"म्हणजे हे शेण होय?"

"हो."

"अन् त्याच्यात धान?"

"धानाच्या भावकीतलं गवत."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग मी वहीत काय लिहितो ते वाकून पाहू लागला. मी लिहिलं होतं, पिसदुरा, सुटा नमुना, धुऱ्यावरून. त्याला ते पुरेसं वाटलं नाही. "कोन्त्या धुऱ्यावरून ते लिवा ना. ह्या वावराले आमी बाभळीचं वावर म्हनतो. उगवतीकडचा धुरा." बाभूळ मला कुठेच दिसत नव्हती. ती त्याच्या आज्याच्या वेळची, म्हणाला. मी तेही लिहून घेतलं.