साठ वर्षांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काय जपायचं?

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९६३ ते १९६७ या काळात तयार झालेला काळ्या पॅनेलचा फेंडर डिलक्स रिव्हर्ब आज गिटारवादकांमध्ये मौल्यवान ठेवा मानला जातो. सुमारे २२ वॉट, १२ इंची एकच स्पीकर, शेवटच्या टप्प्यात दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह. एवढ्या बेताच्या सामग्रीतून निघणाऱ्या त्याच्या आवाजाला स्टुडिओत अजून मागणी आहे. साहजिकच संग्राहकांच्या लेखी ‘आतला एकही भाग बदललेला नाही’ ही त्याची सर्वांत मोठी पात्रता ठरते. मला हा आग्रह मान्य नाही. या यंत्रात आवाज घडवणारे भाग आणि जिवावर उठणारे भाग बहुतांशी वेगवेगळे आहेत. दुसऱ्या प्रकारचे भाग बदलले म्हणून यंत्राचं मोल कमी होत नाही, उलट ते वाजवण्याजोगं होतं.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मेन्सच्या वायरपाशीच मिळतो. मूळ वायर दोन पिनांची, म्हणजे अर्थिंगच नाही. शिवाय मेन्सच्या एका तारेपासून ग्राउंड स्विचमार्गे चासीपर्यंत, म्हणजे धातूच्या सांगाड्यापर्यंत, ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर जोडलेला असतो. घरघर कमी करणं एवढंच त्याचं काम. तो आतून शॉर्ट झाला आणि स्विच फेजच्या बाजूला असला, की अख्ख्या चासीत करंट उतरतो. तिथून केबलच्या जाळीतून थेट गिटारच्या तारांपर्यंत. वादकाची बोटं तारांवर आणि ओठ अर्थिंग असलेल्या माइकला टेकले, तर सर्किट पुरं होतं ते त्याच्या शरीरातून. दुरुस्तीवाले या कंडेन्सरला ‘डेथ कॅप’ म्हणतात, ते उगाच नाही. १९७२ साली ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वे स्वान्झीला मंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. तिथे अर्थिंग नव्हतं ते माइकला. पण वादकाच्या देहातून करंट वाहण्याची तऱ्हा हीच. तीन पिनांची वायर बसवल्यावर त्या कंडेन्सरचं कामच उरत नाही. तो काढावा, फेज आधी फ्यूजकडे आणि मग स्विचकडे न्यावी, अर्थिंगची तार चासीला स्वतंत्र बोल्टने घट्ट आवळावी आणि इतर दोन तारांपेक्षा लांब ठेवावी, म्हणजे वायर ओढली गेलीच तर ती सर्वांत शेवटी सुटेल. आवाजात तसूभरही फरक पडत नाही.

‘साठ वर्षं चाललाय, आता कशाला हात लावायचा?’ हा आक्षेप फिल्टर कंडेन्सरच्या बाबतीत हमखास येतो. पण वीजपुरवठा स्थिर ठेवणारे हे कंडेन्सर इलेक्ट्रोलिटिक असतात, आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर ही रासायनिक वस्तू आहे. आतलं इलेक्ट्रोलाइट सुकत जातं, गळती वाढते, अ‍ॅम्प गुणगुणू लागतो, खर्जाचे स्वर ढिले पडतात आणि एखादा कंडेन्सर शॉर्ट झाला तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरही सोबत जातात. म्हणजे सुकलेले कंडेन्सर जपणारा माणूस १९६४ चा आवाज जपतच नसतो. ते चासीवरच्या पत्र्याच्या झाकणाखाली असतात आणि प्लग काढल्यावरही त्यांत ४०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो उतरवण्याची सवय वाईट आहे. काही किलोओहमचा, पुरेशा वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी चासी आणि कंडेन्सरचं धन टोक यांच्यामध्ये जोडावा, एक हात पाठीमागे ठेवावा, आणि प्रत्येक कंडेन्सरवर मल्टीमीटर शून्याजवळ आल्याची खात्री झाल्यावरच डाग सोडवावेत. मूळ १६ मायक्रोफॅरडच्या जागी १६ किंवा २२ चेच बसवावेत. फार मोठे घातले तर रेक्टिफायरवर ताण येतो आणि जोरात वाजवताना व्होल्टेज किंचित बसल्यामुळे मिळणारा लवचीकपणा हरवतो. ६व्ही६ मधला करंट आवरून धरणाऱ्या बायस व्होल्टेजचा छोटा कंडेन्सर पुष्कळदा विसरला जातो. तो निकामी झाला तर ६व्ही६ लालभडक होऊन जळतात, म्हणून तोही बदलावाच.

मग सगळंच नवं का घालू नये? इथे मी संग्राहकांच्या बाजूने आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि टोनच्या वाटेवरचे कंडेन्सर यांत या अ‍ॅम्पचा स्वभाव आहे. दोन टप्प्यांमधला कपलिंग कंडेन्सर डीसी गळत असेल तर पुढच्या व्हॉल्व्हचा ग्रिड बिघडतो, तेव्हा तो काढणं भागच आहे. पण ते मीटरने ठरवायचं, वयावरून नाही. कार्बन रेझिस्टरचं मूल्य वर्षानुवर्षं वाढत जातं, तरी खरखर करणारा तेवढाच बदलावा. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून, जागेची नोंद करून अ‍ॅम्पसोबत ठेवला, तर पुढच्या मालकाला मूळ रचना कळते.

काम संपल्यावर पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डातून, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून. आत शॉर्ट राहिला असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. भारतात आणलेल्या अमेरिकन अ‍ॅम्पला २३० वरून १२० व्होल्टवर उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतोच. तो घेताना त्याची अर्थिंगची पिन सॉकेटपासून अ‍ॅम्पपर्यंत खरोखर जोडलेली आहे का, हे मीटरने तपासून घ्यावं. बाजारातल्या कित्येक स्वस्त डब्यांत ती नुसती दिसायला असते.