शोकात्म नाटकाचे अध्यापन आणि वर्गनाट्य : ‘एकच प्याला’च्या संदर्भात

प्रास्ताविक

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे मराठीतील अभिजात शोकात्म नाटक म्हणून मान्यता पावलेले आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकऱ्यांचे निधन झाले आणि त्यानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे या नाटकाचा पहिला प्रयोग केला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडस यांचा सुधाकर या भूमिका मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजरामर झाल्या. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. ही माहिती विद्यार्थ्यांना बहुधा पाठ असते. तथापि हे नाटक म्हणजे काय, असे विचारल्यास ‘दारूचे दुष्परिणाम दाखविणारे नाटक’ हे एकच उत्तर वर्गातून येते.

हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. मद्यपानाचे दुष्परिणाम एखाद्या पत्रकातूनही सांगता येतात, त्यासाठी पाच अंकी शोकात्मिकेची गरज नसते. बाजारातील गाइडे कथानकाचा सारांश देतात आणि सारांशात शेवट आधीपासूनच ठाऊक असतो. सुधाकर व्यसनी होणार, सिंधू मरणार, हे गृहीत धरूनच वाचन सुरू होते. त्यामुळे पात्रांसमोर त्या त्या क्षणी खुले असलेले पर्याय दिसेनासे होतात. शोकात्म अनुभव मात्र नेमका त्या पर्यायांतूनच निर्माण होतो. हे पर्याय विद्यार्थ्यांना पुन्हा दृष्टीस पडावेत, यासाठी वर्गनाट्याचा उपयोग कसा करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वर्गनाट्याची संकल्पना

वर्गनाट्य म्हणजे स्नेहसंमेलनातील नाटक नव्हे. त्यात प्रेक्षक, वेशभूषा वा रंगमंच अभिप्रेत नसतो. संहितेतील एखादा प्रसंग समजून घेण्यासाठी विद्यार्थ्यांनी थोडा वेळ पात्राच्या जागी उभे राहणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) यांनी शिक्षकाने स्वतः एखादी भूमिका घेऊन वर्गाला विचारास प्रवृत्त करण्याची पद्धत रुजविली. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी प्रेक्षकाला प्रसंगात हस्तक्षेप करण्याची मुभा देणारे रंगतंत्र विकसित केले. या दोन्ही विचारधारांतील काही कृती महाविद्यालयीन वर्गात, बाके न हलवताही, करता येतात.

शोकात्मिकेच्या संदर्भात या पद्धतीचे विशेष महत्त्व आहे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेची व्याख्या करताना ती कृतीची अनुकृती असल्याचे सांगितले. नायकाचा प्रमाद, त्याच्या स्थितीत घडणारा पालट आणि त्याला होणारी ओळख या संकल्पना फळ्यावर लिहून पाठ करता येतात. पण त्यांचा प्रत्यय कृतीतूनच येतो.

पहिली कृती : एका प्रवेशाची तीन वाचने

सुधाकर हा बुद्धिमान, स्वाभिमानी आणि तापट वकील आहे. न्यायालयातील प्रसंगानंतर त्याची सनद स्थगित होते. अपमानाने होरपळलेल्या त्या अवस्थेत त्याचा कारकून तळीराम त्याला पहिला प्याला देऊ करतो. हा प्रवेश दोन विद्यार्थ्यांकडून तीन वेळा वाचून घ्यावा. पहिल्या वाचनात तळीरामाला मालकाविषयी खरी कणव आहे, असे मानावे. दुसऱ्यात त्याचा स्वार्थ गृहीत धरावा. तिसऱ्यात, आपण जे रोज करतो तेच दुसऱ्याला सुचविणारा तो एक सवयीचा मद्यपी आहे, असे समजावे. संवाद तेच राहतात, पण विराम, स्वर आणि दोघांमधील अंतर बदलते.

कोणत्या वाचनाला संहितेचा अधिक आधार आहे, हे वर्गाने पुराव्यानिशी सांगावे. या चर्चेतून ‘दुष्ट तळीराम, भोळा सुधाकर’ ही सोपी विभागणी टिकत नाही. प्याला पुढे करणारा तळीराम असला, तरी तो ओठांना लावण्यापूर्वीचा क्षण सुधाकराचा असतो. त्याचा प्रमाद मद्याच्या आधीचा आहे. अपमान सहन न होणाऱ्या अहंकारात तो दडलेला आहे. हा शोध विद्यार्थ्याला स्वतःच्या वाचनातून लागला, की तो परीक्षेनंतरही टिकतो.

दुसरी कृती : स्थिरचित्रे

वर्गाचे पाच गट करून प्रत्येक गटाला एक अंक द्यावा. त्या अंकातील सुधाकराच्या संसाराचे एक स्थिरचित्र गटाने उभे करावे. कोणी बोलायचे नाही, कोणी हलायचे नाही. पाचही चित्रे क्रमाने पाहिली असता पती-पत्नींमधील अंतर, सिंधूची नजर, घरातील वस्तूंची रिकामी होत जाणारी जागा, माहेरची मदत नाकारून जात्यावर बसलेली सिंधू, असा एक आलेख डोळ्यांसमोर उभा राहतो. बोलण्यास संकोचणारे, विशेषतः ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थी या कृतीत सहजतेने सहभागी होऊ शकतात, कारण येथे भाषेची अट नसते. गडकऱ्यांची अलंकारप्रचुर भाषा आजच्या विद्यार्थ्याला अवघड वाटते. आधी चित्र आणि मग संवाद, असा क्रम ठेवल्यास ती अडचण बरीच कमी होते.

तिसरी कृती : दोन रांगांमधील वाट

सुधाकर मध्यंतरी मद्य सोडतो, कामाच्या शोधात बाहेर पडतो आणि प्रतिष्ठितांकडून अवहेलना पदरी पडल्यावर पुन्हा प्याल्याकडे वळतो. नाटकातील हे वळण सारांशात एका ओळीत संपते. वर्गात मात्र विद्यार्थ्यांच्या समोरासमोर दोन रांगा कराव्यात. एका रांगेने सुधाकराला परावृत्त करणारा विचार, तर दुसरीने त्याला प्याल्याकडे ओढणारा विचार प्रत्येकी एका वाक्यात उच्चारावा. सुधाकराची भूमिका घेतलेल्या विद्यार्थ्याने मधून संथपणे चालत जावे आणि शेवटी आपल्याला कोणते वाक्य सर्वांत जड वाटले, ते सांगावे.

या कृतीत ‘दारू वाईट असते’ हे वाक्य फारसे परिणामकारक ठरत नाही, असा अनुभव येण्याचा संभव आहे. ‘तू सुधारलास तरी तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?’ अशा आशयाचे वाक्य अधिक खोल जाते. व्यसनमुक्त होऊ पाहणाऱ्या माणसाला समाज परत घेतो का, हा गडकऱ्यांनी उभा केलेला प्रश्न अशा वेळी वर्गाचा प्रश्न बनतो.

चौथी कृती : फौजदाराची चौकशी

सुधाकराच्या प्रहाराने बालकाचा मृत्यू होतो, सिंधू घायाळ होते आणि मरणापूर्वी पतीला दोषमुक्त करणारी जबानी देते. सुधाकर विष मिसळलेला अखेरचा प्याला घेऊन जीवनाचा अंत करतो. येथे शिक्षकाने फौजदाराची भूमिका घ्यावी आणि विद्यार्थ्यांनी रामलाल, पद्माकर, गीता व शेजारी या नात्यांनी साक्ष द्यावी. प्रत्येकाला एकच प्रश्न असावा : आपण काय पाहिले आणि त्या वेळी काय केले?

सिंधूने तक्रार का केली नाही, असा प्रश्न आजच्या विद्यार्थिनी विचारतात आणि तो योग्यच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा भारतात २००५ साली झाला. सिंधूच्या काळात असे संरक्षण नव्हते. परंतु केवळ कालभेद सांगून हा प्रश्न मिटवू नये. तळीरामाची पत्नी गीता त्याच काळातील आहे आणि ती सिंधूप्रमाणे मुकाट्याने सोसत नाही. म्हणजे पर्याय नाटकातच आहे. सिंधूचा पातिव्रत्याचा आदर्श नाटककार गौरवितो की त्याची किंमत दाखवून देतो, यावर दोन्ही बाजूंनी मांडणी होऊ द्यावी.

बोआलच्या तंत्रात पीडित पात्राची जागा प्रेक्षक घेतो. प्रस्तुत नाटकात मात्र सिंधूऐवजी भोवतालच्या पात्रांची जागा विद्यार्थ्यांना घेऊ देणे उचित ठरेल. अन्यथा हिंसा थांबविण्याची जबाबदारी पुन्हा सोसणाऱ्या स्त्रीवरच येऊन पडते. तसेच प्रसंग बदलून पाहिल्यानंतर संहितेकडे परत येणे अनिवार्य आहे. काय करता आले असते, हे कळल्यावर ते नाटकात का घडत नाही, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तेथेच शोकात्मिकेचे अध्यापन खऱ्या अर्थाने सुरू होते.

हास्याचे स्थान

तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांना वर्ग खळखळून हसतो. ते हसू शिक्षकाने दाबू नये. त्याच तासिकेत तळीरामाच्या आजारपणाचा प्रवेश वाचून घ्यावा आणि पुढच्या तासिकेत सिंधूच्या घरचा. आपण कशाला हसलो होतो, याची जाणीव विद्यार्थ्यांना आपोआप होते. मद्यपीकडे गंमत म्हणून पाहणारा समाजही त्या शोकांतिकेचा वाटेकरी असतो, हे त्यातून उमगते.

दक्षता आणि मर्यादा

या नाटकाच्या बाबतीत एक गोष्ट विसरून चालणार नाही. वर्गातील काही विद्यार्थ्यांच्या घरी हा प्याला प्रत्यक्ष असतो. जे इतरांना नाटक आहे, ते त्यांच्यासाठी कालची रात्र असू शकते. म्हणून भूमिका लादू नयेत; नोंदी घेणे, संहितेतील आधार शोधणे अशी पर्यायी कामे सन्मानाने उपलब्ध ठेवावीत. स्वतःचे अनुभव सांगण्याचा आग्रह धरू नये. प्रहाराचा प्रसंग करून दाखवू नये. त्याच्या आधीचा आणि नंतरचा क्षण पुरेसा आहे. कृती संपल्यावर विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारून भूमिकेतून बाहेर आणावे. एखादा विद्यार्थी गप्प झाला, तर त्याच्याशी वर्गाबाहेर, एकांतात बोलावे. पात्राच्या आडून बोलता येणे हीच वर्गनाट्याची शक्ती आहे आणि ते आडोसेपण जपणे ही शिक्षकाची जबाबदारी आहे.

मोठी विद्यार्थिसंख्या, पाऊण तासाची तासिका आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा ताण या मर्यादा खऱ्या आहेत. संपूर्ण नाटक या पद्धतीने शिकविणे शक्य नाही आणि तशी आवश्यकताही नाही. चार तासिका, चार प्रसंग एवढे नियोजन पुरे. उर्वरित भाग व्याख्यानपद्धतीने घेता येतो. मूल्यमापन अभिनयकौशल्याचे नसावे. प्रत्येक कृतीनंतर विद्यार्थ्याने आपल्या निर्णयाला संहितेचा आधार देणारे एक पान लिहावे आणि त्यालाच गुण द्यावेत.

समारोप

‘एकच प्याला’ या शीर्षकातील ‘एकच’ हा शब्द प्रत्येक वेळी नव्याने उच्चारला जातो आणि प्रत्येक वेळी तो नाकारता येण्याजोगा असतो. सारांश शिकविताना ही शक्यता हरवते, वर्गनाट्यात ती क्षणभर जिवंत होते. सुधाकराच्या जागी उभा राहिलेला विद्यार्थी हात पुढे करण्यापूर्वी थबकला, तर नाटकाचे अध्यापन सफल झाले, असे म्हणता येईल.