शंभरीनंतर वाढलेला दम

वार्धक्यात शरीराची घसरण ठरलेलीच. व्यायामाने फार तर ती थोडी लांबवता येते, असा सर्वसाधारण समज आहे. फ्रान्सचे सायकलपटू रॉबेर मार्शां यांनी तो काही प्रमाणात तरी खोटा ठरवला.

२६ नोव्हेंबर १९११ रोजी जन्मलेले मार्शां जेमतेम पाच फूट उंचीचे. या शरीरयष्टीवर सायकल शर्यतीत नाव काढता येणार नाही, असे त्यांना तरुणपणीच सांगण्यात आले होते. पुढे त्यांनी पॅरिसच्या अग्निशमन दलात नोकरी केली, व्हेनेझुएलात ट्रक चालवले, कॅनडात लाकूडतोडही केली. नियमित सायकल पुन्हा हाती आली ती साठी उलटल्यावर. २०१२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी एका तासात २४ किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापले. जानेवारी २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, हाच आकडा २६.९२७ किलोमीटरवर गेला. खरे कोडे इथेच आहे: दोन वर्षांनी वय वाढले आणि वेगही वाढला!

याचे उत्तर शरीरक्रियाशास्त्रज्ञ व्हेरोनिक बिला व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात मिळते. त्यांनी मार्शां यांना दोन वर्षांचा सराव आखून दिला. वर्षाला सुमारे ५००० किलोमीटर सायकल चालवायची. त्यातील ८० टक्के अंतर सहज झेपेल अशा गतीने आणि २० टक्के धाप लागेल इतक्या जोराने. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावर माणसाचा दम मोजतात. चाळिशीनंतर ही क्षमता साधारणपणे दर दशकाला दहा टक्क्यांच्या आसपास घटत जाते. मार्शां यांच्याबाबतीत मात्र ती वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३१ मिलिलिटरवरून ३५ वर गेली. पायांची ताकद तर ९० वॉटवरून १२५ वॉटवर पोहोचली. हृदयाचे कमाल ठोके जवळपास पूर्वीइतकेच राहिले. पायडल मारण्याचा कमाल वेग मात्र मिनिटाला ६९ फेऱ्यांवरून ९० पर्यंत वाढला. म्हणजे या प्रगतीचा मोठा वाटा हृदयाच्या गतीचा नव्हे, तर पायांचा होता.

अर्थात हा एकाच माणसाचा अभ्यास आहे, आणि तो माणूसही चारचौघांसारखा नव्हता. त्यामुळे ऐंशीच्या आजोबांनी हे वाचून थेट धाप लागेपर्यंत सायकल हाणणे धोक्याचे. वैद्यकीय तपासणी आधी हवी. शिवाय मार्शां यांच्या सरावातही चार पंचमांश भाग सौम्यच होता, हे सहसा सांगितले जात नाही.

वयाने त्यांनाही गाठलेच. जानेवारी २०१७ मध्ये, १०५ व्या वर्षी, तासाभरात २२.५४७ किलोमीटर अंतर झाले. शेवटची दहा मिनिटे उरल्याची पाटी नजरेतून सुटली, नाहीतर आणखी जोर लावला असता, अशी त्यांची तक्रार होती. २०१८ मध्ये त्यांनी स्पर्धात्मक सायकलिंग थांबवले आणि मे २०२१ मध्ये, वयाच्या १०९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.