खोली आहे हो, पण रेंज आहे का?

मोठ्या हॉटेलात टॅबवर बोट फिरवलं की पडदे उघडतात. खामगावच्या लॉजवर वायफाय जिन्यापर्यंतच येतं. पाहुण्यांच्या डिजिटल सोयींवर हॉटेलवाल्यांनी पैसा घालायचा तरी कुठे?

पूर्वी हॉटेलात शिरलं की दोन प्रश्न ठरलेले असायचे. गरम पाणी किती वाजेपर्यंत? चेकआउट बाराचा की चोवीस तासांचा? आता बॅग खाली ठेवायच्या आधीच तिसरा प्रश्न तोंडातून निघतो. ‘वायफायचा पासवर्ड काय?’

हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा खामगावसारख्या गावात जास्त कळीचा आहे. खामगाव म्हणजे चांदीचं आणि कापसाचं गाव. व्यापारी येणार, एमआर येणार, एमआयडीसीत हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना आहे, तिथल्या कामाला इंजिनीअर आणि ऑडिटर येणार. गजानन महाराजांचं शेगाव अर्ध्या तासावर, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत भक्तही इकडे वळतात. शिवाय आपण आहोतच! चुलतभावाचं लग्न गुरुवारी, सुट्टी मिळालीय शुक्रवारची आणि बॉस म्हणतोय, ‘तिथूनच लॉगिन कर ना!’

टीव्ही मोठा, राउटर एकच

कामानिमित्त मी नुकत्याच खामगावात तीन रात्री काढल्या. हॉटेल स्वच्छ, माणसं अगत्याची. खोलीत भिंतभर स्मार्ट टीव्ही, टेबलावर मेन्यूचा क्यूआर कोड. एकदम झकास! लॅपटॉप उघडला आणि लक्षात आलं की अख्ख्या तीन मजल्यांना मिळून राउटर एकच, तोही रिसेप्शनच्या मागे. व्हिडिओ कॉलसाठी मी जिन्यात खुर्ची टाकून बसले. तेवढ्यात लाइट गेली. पंखा आणि ट्यूब इन्व्हर्टरवर सुरू राहिले, राउटर मात्र बंद. कॉल तिथेच संपला.

इथे सगळा मुद्दा आला. टीव्ही फोटोत दिसतो, बुकिंग साइटवर मिरवता येतो. प्रत्येक मजल्यावर केबल ओढून वायफायचा वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवला तर तो कुठल्याच फोटोत येत नाही. राउटरची वायर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेणं हे तर इलेक्ट्रिशियनचं थोड्या वेळाचं काम. पण पाहुणा पुन्हा येणार की नाही, हे याच कामांवर ठरतं.

गंमत म्हणजे वायफाय हा एके काळी मोठ्या हॉटेलांचा वरकमाईचा धंदा होता. तासाच्या हिशोबाने पैसे घ्यायचे. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका मॅरियट हॉटेलात तर पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉटच अडवले जात होते. २०१४ मध्ये त्यापायी कंपनीला ६ लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि अनेक हॉटेलवाल्यांना वाटलं, आता वायफायवर खर्च कशाला? प्रत्येकाच्या खिशात नेट आहेच की! पण जाड भिंतींच्या आतल्या खोलीत मोबाइलची एकच कांडी दिसत असेल, तर ऑफिसचं काम करणाऱ्याने जायचं कुठे?

कमिशनचं गणित

हॉटेलवाला कंजूष आहे, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्याचा डिजिटल खर्च खरं तर आपण पोचायच्या आधीच सुरू झालेला असतो. बुकिंग पोर्टलचं कमिशन हा त्यातला मोठा तुकडा.

समजा, खोली २००० रुपयांची आणि कमिशन २० टक्के. म्हणजे ४०० रुपये गेले. त्या ४०० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७२ रुपये. आता खरी मेख ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आपले २४० रुपयांचे १०० झाले, आपण खूश! पण या ५ टक्क्यांबरोबर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. पूर्वी जीएसटी भरणाऱ्या हॉटेलला ते ७२ रुपये आपल्या करातून वळते करून घेता यायचे. आता ते खिशातून जातात. इंटरनेटचं बिल, बुकिंगचं सॉफ्टवेअर, नवा राउटर, सगळ्यांवरच्या कराची हीच गत.

पोर्टलशी भांडणंही झाली आहेत. हॉटेल संघटनेच्या तक्रारीनंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दुसऱ्या पोर्टलवर आमच्यापेक्षा कमी दर द्यायचा नाही, ही मेकमायट्रिपची अट काढून टाका, असंही आयोगाने सांगितलं. दोन्ही कंपन्या पुढे अपिलात गेल्या.

म्हणून मला वाटतं, छोट्या हॉटेलने पहिला रुपया स्वतःच्या नावावर घालावा. गुगल मॅपवर खरा नंबर, खरे फोटो आणि थेट फोन करणाऱ्याला थोडा कमी दर. यात पाहुण्याच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने तीर्थयात्रेच्या नावाने चालणाऱ्या बनावट बुकिंग साइट्सबद्दल इशारा दिला होता. त्यात हॉटेल आणि गेस्ट हाउसच्या बुकिंगचाही उल्लेख होता. खऱ्या हॉटेलचा नंबर नेटवर सापडत नाही, तिथे खोट्याचं फावतं. शेगावच्या वाटेवरच्या गावाला तर हे टेन्शन जास्तच.

ओटीपी आणि आधारची झेरॉक्स

वायफाय लावायला नंबर आणि ओटीपी मागितला की आपण वैतागतो. त्यामागेही महाराष्ट्रातलीच गोष्ट आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून. त्याचा काही संबंध नव्हता, तरी चौकशीचा ससेमिरा लागला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवणं बंधनकारक केलं. म्हणजे भिंतीवर चिकटवलेला ‘१२३४५६७८’ हा पासवर्ड हॉटेलवाल्याच्याच अंगाशी येऊ शकतो.

ओळखपत्राचं मात्र उलटं झालंय. रिसेप्शनवरचा मुलगा सहज म्हणतो, ‘आधार व्हॉट्सअ‍ॅप करा.’ आपणही करतो. तो फोटो त्याच्या मोबाइलमध्ये किती वर्षं राहणार? मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने हॉटेलांना अशा प्रती ठेवता येत नाहीत, असं पत्रक काढलं आणि गोंधळ उडाल्यावर दोनच दिवसांत ते मागेही घेतलं गेलं. आता २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पाहुण्यांची माहिती नीट जपणं आणि गरज संपली की पुसणं, हाही आता हॉटेलचा डिजिटल खर्च आहे. टॅबवरच्या पडद्यांच्या आधी तो करायला हवा.

आणि आपणही विचारायला हवं. चादर मळकी असेल तर आपण लगेच रिसेप्शनला फोन लावतो ना? मग खोलीत नेट नसेल तर जिन्यात गुपचूप का बसायचं? दहा पाहुण्यांनी विचारलं की अकराव्याच्या आधी राउटर लागतो.

चेक-इनच्या आधी

- खोली ठरवताना ‘वायफाय आहे का?’ असं विचारू नका. ‘खोलीत व्हिडिओ कॉल होतो का, आणि लाइट गेल्यावर नेट चालतं का?’ असं विचारा.
- पोर्टलवर दर बघा, मग हॉटेलला थेट फोन करा. कमिशन वाचलं तर दोघांचा फायदा.
- आगाऊ पैसे पाठवण्याआधी नंबर दोन ठिकाणी ताडून पाहा. फसलात तर ताबडतोब १९३० ला फोन लावा.
- मास्क्ड आधार जवळ ठेवा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.
- निघताना चार्जर घ्या, टॉवेल ठेवा आणि टीव्हीवरच्या यूट्यूबमधून लॉगआउट करा. नाहीतर पुढचा पाहुणा तुमच्या अकाउंटवर भोजपुरी गाणी बघेल!